स्टूल आणि बाक

मावशी : स्टुलावर मी बसते. तुला काय बघायचं ते उभी राहून बघ.

भाची : उभी राहून नाही जमत गं मावशी. गिऱ्हाईक काउंटरशी आलं की पहिलं वाक्य काय बोलतं, ते मला ऐकायचंय. आणि ते बोलतं स्टुलावरच्या माणसाशी.

मावशी : स्टुलावरच्या माणसाशी नाही. माझ्याशी.

भाची : तेच म्हणतेय. त्याचं वाक्य निम्मं होईतो तू वस्तू काचेवर ठेवलेली असतेस. मी लिहू काय?

मावशी : अगं, तू लिहायला आलीयस की विकायला?

भाची : ऐकायला.

मावशी : ऐकायचंही शिक्षण असतं का हल्ली?

भाची : असतं. मी घेतलंय.

मावशी : आमच्या वेळी फुकट मिळायचं. लग्न झालं की सुरू.

थोरला : आई, एका आठवड्याचा तर प्रश्न आहे. ती बसेल स्टुलावर, तू घरी आराम कर.

मावशी : तू गप रे थोरल्या. आराम म्हणे! आधी ही नक्की करते काय ते तर कळू दे. हिच्या आईला विचारलं, तर माझी बहीण म्हणते, 'कंप्युटरचं आहे काहीतरी.' पोटच्या पोरीचं एवढंच ठाऊक.

भाची : वेबसाइट बांधणारे वेगळे, तिला रंगरूप देणारे वेगळे. त्यांच्या आधी मी. कुठली वस्तू कशाशेजारी ठेवायची, तिला काय म्हणायचं, नवखा माणूस आत आला तर कुणाला न विचारता तिच्यापर्यंत कसा पोचेल, एवढं मी ठरवते.

मावशी : म्हणजे फळ्या लावतेस.

भाची : फळ्या लावते.

मावशी : मग तसं सांगावं की चारचौघांत. लाजायचं काय त्यात? पण माझ्या फळ्या लागलेल्या आहेत. ती मागची भिंत बघ. खणावर खण, आणि प्रत्येक खणाला बाहेरून तारेनं आतला सुटा भाग बांधलेला, कुकरचा, मिक्सरचा, स्टोचा. दिवे गेले तरी माझा हात चुकत नाही.

थोरला : मुद्दा तोच आहे, आई. तुझा हात. तू नसलीस की कामाची दोघं जण शिडी घेऊन भिंतभर फिरत राहतात. मागे शिडीवरून तुझा पाय सुटला, तेव्हा दुकान मीच चालवलं ना?

मावशी : चालवलं नाहीस, उघडं ठेवलंस. आणि ती वेबसाइट? तीही तूच चालवलीस. सांग हिला काय झालं ते.

थोरला : तिला माहितेय.

मावशी : असू दे. मला पुन्हा ऐकायला बरं वाटतं.

थोरला : खणांना जी नावं होती, तीच मी साइटवर टाकली. बस.

भाची : मी बघितली होती. 'जावई, मोठा. जावई, लहान. जावई, पितळी. ताबडतोब घरपोच.'

थोरला : लोकांनी फोटो काढून एकमेकांना पाठवले.

मावशी : हसण्यासारखं काय आहे त्यात? कुकरच्या झाकणावर नुसता बसलेला असतो. वर्षानुवर्षं काही करत नाही. पण काढून ठेवायची सोय नाही, घर उडतं. दुसरं काय नाव द्यायचं त्याला?

भाची : सेफ्टी वॉल्व्ह.

मावशी : ते कंपनीनं दिलेलं. कंपनीला जावई नसतात.

भाची : आणि बेडूक?

मावशी : मिक्सरच्या भांड्याखाली ते रबर असतं ना, चार पाय फाकवून बसलेलं? बघितलंस की कळतं. गावात कुणालाही विचार, बेडूक म्हणजे काय. मुलाबाळांना ठाऊक आहे. मी शिकवलंय सगळ्यांना. नाव घेतल्याशिवाय खण उघडत नाही मी. येतात आणि म्हणतात, 'ते हे द्या हो, ते रबर.' अख्खं दुकान रबराचं आहे! कुठलं देऊ? वेळ जातो माझा.

थोरला : गावातल्यांचं ठीक आहे. बाहेरच्यांनी काय करायचं? एक बाई लांबून मागवते, चुकीचं येतं, परत पाठवते, पुन्हा चुकीचंच मागवते. म्हणून तर हिला बोलावलं.

मावशी : म्हणून नाही बोलावलंस. खरं सांग तिला. तू सांगणार की मी सांगू?

थोरला : सांगण्यासारखं विशेष काही नाहीये. गाळ्याचा करार संपतोय. साइट नीट चालेल असं दिसलं, तर काउंटर बंद करायचा आणि गोदामातून माल पाठवायचा. नाही चालली, तर करार पुढे वाढवायचा. मालकाला आठवड्याच्या शेवटी उत्तर हवंय.

मावशी : कळलं? तू पास झालीस की मी नापास.

भाची : दादा, हे तू मला बोलला नव्हतास.

थोरला : तुझ्या कामाशी त्याचा काय संबंध?

मावशी : छे, काहीच नाही. ज्या स्टुलावर बसून ही ऐकणार, तेच हिच्या ऐकण्यानं जाणार. एवढाच.

भाची : मावशी, मी काम सोडू शकते.

मावशी : सोडू नकोस. तू गेलीस तर हा दुसरी कुणी आणेल, तिला माझ्याशी बोलायची रीतही माहीत नसेल. तू निदान या काउंटरखाली बसून शाळेचा अभ्यास केलायस. खिळे गिळशील म्हणून तुझ्यावर लक्ष ठेवलंय मी. चल, काय काय करणार ते सांग.

थोरला : त्याची यादी आहे माझ्याकडे. साइट बांधणाऱ्या कंपनीनं पाठवलीय. साइटचा नकाशा, पानापानाची चौकटींची चित्रं, ग्राहकांच्या मुलाखती, आकडे, पर्सोना, आणि शेवटी बांधीव अहवाल. मुद्दा काय आहे, सगळंच करून टाक. राहायला नको काही.

मावशी : आजार न बघता औषधांचं अख्खं दुकान रिचवायचं.

भाची : बरोबर. दादा, आधी आपल्याला माहीत काय नाही, ते ठरवू. त्यावरून पद्धत. आणि कागद करायचा तो कोण वाचणार, कशासाठी वाचणार, ते बघून. कुणीच वाचणार नसेल तर करायचाच नाही.

थोरला : मी वाचेन की.

मावशी : मिक्सरच्या खोक्यातलं पत्रक वाचलं होतंस का रे?

भाची : पर्सोना मात्र नको. आपलं अडत नाही त्यावाचून.

मावशी : ते काय असतं?

भाची : कल्पनेतलं गिऱ्हाईक. त्याला चेहरा द्यायचा, वय द्यायचं, सवयी द्यायच्या, आणि त्याला समोर ठेवून काम करायचं.

मावशी : खरी गिऱ्हाइकं दारात उभी असताना?

भाची : दारात कुणी नसतं तेव्हा करतात. उपयोगही होतो त्याचा. आपल्याकडे दारात रांग आहे, एवढंच. मुलाखती पण नकोत. मुलाखत म्हटलं की माणूस शहाण्यासारखं बोलायला लागतो. मला तो अडलेला असताना हवाय. म्हणून स्टूल मागतेय. आणि हे पुठ्ठे आहेत.

मावशी : हे कशाला? माझ्याच वस्तू दोऱ्यानं पुठ्ठ्यांवर बांधल्यास?

भाची : एरवी चिठ्ठ्यांवर नावं लिहितात आणि लोकांना म्हणतात, ज्या तुम्हाला एकत्र वाटतात त्या एकत्र ठेवा. लोकांच्या डोक्यातल्या फळ्या कळतात त्यातून. तू वाचताना अडतेस, म्हणून मी वस्तूच बांधल्या.

मावशी : अडत नाही. सावकाश वाचते. आण इकडे. हे इथे. हे इथे. हा जावई इथे. हे... थांब, हे याच्याबरोबर जाणार नाही, भांडेल. झालं.

भाची : हा गठ्ठा कसला?

मावशी : रुसणारे. जरा उलटे बसवले की चालत नाहीत.

भाची : हा?

मावशी : न बोलता मरणारे. काल चालू होता, आज बंद. आणि हे शेवटचे, स्वतः जाताना शेजारच्याला घेऊन जाणारे.

थोरला : आता हे साइटवर टाक. 'शेजारच्याला घेऊन जाणारे, ताबडतोब घरपोच.'

भाची : वाटणी चुकीची नाहीये, दादा. दुरुस्ती करणाऱ्याला पटेल. पण ज्याचा कुकर अडलाय त्याला ही कळणार नाही. मावशी, तुझ्या भिंतीची ओळख असलेलं एकच माणूस आहे, आणि ते तू. मला बाकीच्यांचं ऐकायचंय. देतेस स्टूल?

मावशी : डावा पाय हलतो त्याचा. मागे रेललीस तर पडशील. आणि मी घरी बसणार नाही. मी असणार इथेच. तू घोटाळा केलास तर मला दिसला पाहिजे.

भाची : तू दिसलीस तर गिऱ्हाइकं काउंटर सोडून तुझ्याकडे येतील.

मावशी : मग दिसणार नाही अशी बसते.

थोरला : कुठे बसणार? बाहेर एकच बाक आहे, त्यावर निम्मी आपली थांबलेली गिऱ्हाइकं आणि निम्मी शेजारच्या दातांच्या डॉक्टरकडची.

भाची : मग तिनं दातवाल्यांतली व्हायचं. डोक्यावरून शाल, गालाला रुमाल. दात दुखणाऱ्याच्या तोंडाकडे कुणी निरखून बघत नाही.

थोरला : चालेल. पण आई, दात दुखणारं माणूस बोलत नाही. आठवडाभर.

मावशी : मला न बोलता येत नाही, असं वाटतं का तुला?

थोरला : मी बघितलेलं नाही, एवढंच म्हणतो.

(त्याच आठवड्याच्या शेवटी, दुकान बंद करायच्या वेळी. शटर अर्धं खाली ओढलेलं.)

थोरला : आई, सोड आता तो रुमाल. गिऱ्हाइकं गेली.

मावशी : राहू दे. ऊब लागते.

थोरला : बरं. हं, सांग गं. मालक फोनची वाट बघतोय.

भाची : दोन गोष्टी आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. पहिली अशी, की स्टुलावर बसून मी जे ऐकलं ते अगदी सरळ होतं. माणूस येतो आणि नाव घेतो. 'जावई द्या.' 'दोन बेडूक द्या.' 'झाकणाचं कडं द्या.' कुणी अडखळलं नाही. मी इतक्या ठिकाणी अशी बसले, लोक एवढे नेमके कुठेच बोलले नव्हते.

थोरला : वा! म्हणजे लोकांना नावं माहीत आहेत. मग प्रश्नच मिटला.

भाची : मलाही तसंच वाटलं. म्हणून मी रचना नावांवर केली. आधी यंत्र निवडायचं, कुकर, मिक्सर, स्टो. आत गेलं की नावांची यादी, कंपनीचं नाव आणि त्याखाली आपलं. झाडासारखं कागदावर काढलं आणि आज सकाळपासून तपासलं. गिऱ्हाईक वस्तू घेऊन वळलं की मी कागद पुढे करायचे. म्हणायचे, 'तुम्ही आत्ता जे घेतलंत, ते यात कुठे असेल, बोट ठेवून दाखवा.'

थोरला : मग?

भाची : बोट यंत्रापर्यंत जातं आणि थांबतं. आत गेले की लोक यादी वरून खाली वाचतात, खालून वर वाचतात, मग माझ्याकडे बघतात. एका गृहस्थांनी मिनिटापूर्वी माझ्याकडून बेडूक मागून घेतला होता. यादीत बेडूक लिहिलेला होता. त्यांनी बोट ठेवलं झाकणावर.

थोरला : चष्मा विसरले असतील.

भाची : सगळेच?

थोरला : मग ह्या गावातली माणसंच... जाऊ दे. एखादं मोठं चित्र काढलं तर? यादीत लिहिलं होतं ते चौकटींचं? रंगीत?

भाची : काढून देईन, दादा. सुंदर दिसेल. पण आत माणूस हरवतच राहील. मला जे दिसलं तेच मी लिहिणार. चालत नाही. आणि का चालत नाही, ते मला अजून कळलेलं नाही. काउंटरवर नाव घेणारा माणूस कागदावर तेच नाव ओळखत नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

थोरला : आणखी आठवडा घे.

भाची : मालक थांबेल?

थोरला : नाही थांबणार. त्याच्याकडे दुसरं माणूस तयार आहे. हो की नाही ते आजच सांगायचंय. ठीक आहे. मग करार वाढवतो. आई, ऐकलंस का? जिंकलीस तू. बोल ना काहीतरी. आठवडाभर गप्प राहून बोलायचं विसरलीस का?

मावशी : दात दुखतोय.

थोरला : तुला दात आहेत कुठे त्या बाजूला! लावतो मी फोन.

भाची : लाव. मावशी, मी हे माझ्या नावावर लिहिते, तुझ्या दुकानावर नाही. नापास मी.

मावशी : थोरल्या, फोन ठेव.

थोरला : वाजतोय, आई.

मावशी : वाजू दे. ठेव म्हटलं ना. आणि बस त्या खोक्यावर. भाचीबाई, काल दुपारी एक पोरगी आली होती, निळ्या छत्रीची. तिला काय दिलंस?

भाची : जावई. लहान. तिनं मागितला.

मावशी : तिला जावई नको होता.

भाची : मावशी, माझ्यासमोर तिनं स्वच्छ सांगितलं, 'लहान जावई द्या.'

मावशी : तुझ्यासमोर. माझ्या शेजारी बसली होती तेव्हा म्हणाली, 'झाकणाच्या कडेनं वाफ जाते, आत काही शिजत नाही.' कडेनं वाफ जाते म्हणजे काय गेलेलं असतं?

भाची : कडं. झाकणाचं रबर.

मावशी : पलीकडे एक शहाणा बसला होता, दाताचा. तो म्हणाला, 'वाफेचं ना? मग जावई म्हणा. आत्मविश्वासानं म्हणा, नाहीतर ती बाई उभं सोलते.' पोरगी बसून घोकत होती, लहान जावई, लहान जावई. मग उठली आणि तुझ्याकडे आली. मी इकडे रुमाल बांधून.

थोरला : ती बाई म्हणजे?

मावशी : दुसरी कोण आहे इथे? सगळे असंच करतात रे. अख्खा आठवडा मी तेच बघितलं. पिशवीतून मिक्सरचं भांडं काढतात, एकमेकांना दाखवतात. 'मोटर फिरते हो, पण पातं फिरत नाही. याला काय म्हणायचं?' मग ज्याला येतं तो सांगतो, 'बेडूक म्हणा. रबर नका म्हणू हं. मागे मी रबर म्हणालो तर बाई म्हणाली, पुढच्या वेळी शुद्धीवर या.'

थोरला : म्हणालीस असं?

मावशी : म्हणाले असेन. दिवसभरात काय काय म्हणते, लक्षात कुठे ठेवू? एक नवरा-बायको होते. ती त्याला म्हणते, तूच जा. तो म्हणतो, मागच्या वेळी मी गेलो होतो, आता तुझी पाळी. आणि एक म्हातारी मला विचारते, 'तुमचा दात की तुमचा मिक्सर?' मी दाताला हात लावला. तर म्हणते, 'सुटलात. दाताला निदान भूल देतात.'

भाची : मावशी...

मावशी : हसायला आलं तर हस. मलाही आलं होतं, पण गालाला रुमाल होता.

भाची : हसत नाही. थांब जरा. म्हणजे नाव त्यांना माहीतच नसतं. ते बाकावर मिळतं. तक्रार घेऊन येतात, बाकावर तिचं नाव करून घेतात, आणि काउंटरपर्यंत तेवढं तोंडात धरतात.

मावशी : वस्तू हातात पडली की सोडतात. कशाला लक्षात ठेवतील? परीक्षा संपली.

भाची : आणि मी स्टुलावर बसून नुसती उत्तरं लिहीत होते. सगळे नेमके बोलतात म्हणून खूश झाले. जागाच चुकली माझी. मला बाकावर बसायला हवं होतं.

मावशी : तू बसली असतीस तर वही काढून बसली असतीस. ते गप्प झाले असते.

थोरला : पण मुद्दा काय आहे? साइटचं काय करायचं मग?

भाची : साइटला बाक नाही, दादा. माणूस एकटा असतो. त्याला नाव सांगायला शेजारी कुणी नाही. आपण पहिल्याच पायरीला त्याच्याकडे नाव मागतो. ती लांबची बाई एकटी बसून अंदाजानं मागवतेय, आणि चुकतेय.

थोरला : मग नावं काढून टाकायची?

भाची : खाली न्यायची. वर तक्रार. मावशी, ते बाकावर काय काय बोलले, ते तसंच्या तसं सांग. तुझ्या शब्दांत नको, त्यांच्या.

मावशी : आता?

भाची : आता. विसरशील.

मावशी : मी? घे लिहून. 'कडेनं वाफ जाते.' 'शिट्टीच होत नाही.' 'शिट्टी होते ती थांबतच नाही.' 'मोटर फिरते, पातं फिरत नाही.' 'फिरतं, पण खडखडतं.' 'खालून पाणी गळतं, ओटा काळा होतो.' 'जळका वास येतो.' 'झाकण बसतं पण लागत नाही.' 'पेटतो, पण एकाच बाजूनं.' 'मुलानं आपटलं.'

भाची : ही तक्रार झाली?

मावशी : सगळ्यात जास्त तीच. पण सुरुवातीला कुणी बोलत नाही. शेवटी बोलतात.

भाची : मग तीही घ्यायची. दादा, तू बघ. तुझ्या घरचा मिक्सर कसा आहे?

थोरला : खडखडतो. बायको रोज सांगते.

भाची : या कागदावर बोट ठेव. काय घ्यायचं ते विचारत नाही, काय होतंय ते शोध.

थोरला : 'फिरतं, पण खडखडतं.' हे. आणि त्याखाली तू काय लिहिलंस, भांड्याच्या बुडातलं पितळी बुश. आणि पुढे... 'आमच्या दुकानात याला म्हातारी म्हणतात.' आई, ही म्हातारी? दुकानात एवढी वर्षं आहे आणि मी घरी मिक्सर बदलायला निघालो होतो.

मावशी : विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

थोरला : विचारायला रांगेत उभं राहावं लागतं ना तुझ्याकडे.

भाची : एका माणसाचं बोट पुरत नाही. सकाळी हाच कागद घेऊन बाकावर बसते आणि परत तपासते. बारापर्यंत कळेल.

मावशी : बारा कशाला? सापडेल लोकांना. मला आत्ता कळलंय.

थोरला : मी मालकाकडून दुपारपर्यंतची मुदत मागतो. तेवढं ऐकेल तो. आणि मग बांधणाऱ्यांना काय द्यायचं? त्यांची एवढी मोठी यादी...

भाची : त्यांना पानांची चित्रं लागतील, ती देईन. त्याशिवाय त्यांना बांधता येणार नाही. वस्तूंचे फोटो, पुठ्ठ्यावर बांधलेत तसेच, एकेकटे. आणि हे एक पान. अहवाल नाही.

थोरला : एकच पान? गोदामात पैसे घालणाऱ्या भागीदाराला काय दाखवू?

भाची : हेच. घरी काय बिघडलंय विचार आणि बोट ठेवायला सांग.

मावशी : मला मात्र वाचून दाखव ते, पुरं झालं की. सावकाश वाच. आणि माझ्या नावांत कुणी सुधारणा केली तर त्याचं नाव ठेवीन मी एखाद्या खणाला.

थोरला : आई, मग... उद्या दुपारी हो म्हटलं, की काउंटर...

मावशी : ऐकू येतं मला. दातानं कान जात नाहीत. जा, बाहेर जाऊन फोन कर. इथे आत आवाज घुमतो.

थोरला : बरं. शटर मी लावतो, तुम्ही वाकू नका.

भाची : गेला. मावशी.

मावशी : हं.

भाची : तो फोन लावत होता. तू गप्प राहिली असतीस तर स्टूल राहिलं असतं तुझं.

मावशी : राहिलं असतं.

भाची : मला काही कळलं नसतं. कुणालाच नसतं कळलं.

मावशी : माहीत आहे.

भाची : मग?

मावशी : मग काय! स्टुलावर बसून मी दिवसभर मनात ते बाकावरचं घोकणंच ऐकत राहिले असते.